नहर कुठून आली, पाणी कुठे गेलं

‘निसर्गाधारित उपाय’ हा शब्द गेली काही वर्षं वर्तमानपत्रांत सारखा दिसतो. शहरात पूर आला, उन्हाळा असह्य झाला, की बातमीच्या शेवटी एखादे तज्ज्ञ तो हमखास वापरतात. वर्गात मुलांनी अर्थ विचारला तेव्हा आम्ही तो असा सोडवून सांगितला: पुराचं पाणी भिंत बांधून अडवायचं, की त्याला पसरायला जागा ठेवायची? उकाड्यावर यंत्र बसवायचं, की झाडाची सावली धरायची? पाणी पन्नास किलोमीटरवरून पंपाने ओढायचं, की जवळच्या डोंगरात मुरलेलं हलकेच काढून घ्यायचं? यातला दुसरा मार्ग जो असतो, तो निसर्गाधारित. शब्द नवा असला तरी मार्ग नवा नाही.

यातही हल्ली एक गोष्ट घडते आहे. जगातली शहरं हे उपाय एकमेकांकडून शिकत आहेत. मुंबई ‘सी-४०’ या मोठ्या शहरांच्या जागतिक संघटनेत आहे आणि तिच्याच साथीने मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. सिंगापूरने बिशान भागात एका नदीचा सरळसोट सिमेंटचा कालवा फोडून तिला पुन्हा वळणं घेऊ दिली, काठ गवताचे केले. पावसात नदी बागेत पसरते, ऊन पडलं की मुलं तिथे खेळतात. २०१२ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. तिचा आराखडा जर्मनीतल्या लोकांनी केला होता. चीनमध्ये तर पाणी शोषून घेणाऱ्या शहरांना नावच ‘स्पंज शहर’ असं दिलं आहे.

आता वरकुट्यासारख्या गावातल्या माणसाने म्हणावं, की शहरांनी शहरांचं पाहावं, आमचा काय संबंध? आम्ही म्हणतो, सगळ्यांत जास्त संबंध आपलाच आहे. पुण्याची मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि भीमा येऊन उजनीच्या जलाशयात थांबते. इंदापूर तालुक्याचा केवढा तरी भाग त्या जलाशयाच्या काठावर आहे. पुण्याने मोरीत जे सोडलं ते आपल्याकडे येतं. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांना काठावरची जलपर्णी आणि पाण्याचा हिरवा रंग दिसतो. तो रंग आपल्या गावाने आणलेला नाही. मुळा-मुठा शुद्ध करण्यासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेबरोबर कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला, मैलापाणी शुद्ध करणारे अकरा प्रकल्प ठरले आणि मग कामं वर्षानुवर्षं रखडली. म्हणजे पुण्याने जपानकडून काय घेतलं, किती घेतलं आणि कधी वापरलं, याचा हिशेब वरकुट्याच्या विहिरीत लागतो.

त्याच पुण्याने नदीकाठ सुधारण्यासाठी मात्र अहमदाबादच्या साबरमतीचा नमुना उचलला. आराखडाही अहमदाबादच्याच संस्थेने केला. साबरमतीला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत आणि आत नर्मदेचं पाणी आणून सोडलेलं आहे. दिसायला ती सुरेख दिसते. पण मुळा-मुठेला पावसाळ्यात पात्राबाहेर पसरायची सवय आहे. पात्र आवळलं तर पुराची पातळी वाढेल, असा पुण्यातल्या नदीप्रेमींचा आक्षेप आहे आणि आम्हाला तो बिनतोड वाटतो. शेजाऱ्याकडून शिकावं जरूर. पण कुठल्या शेजाऱ्याकडून आणि त्याची जमीन आपल्यासारखी आहे का, हे आधी पाहावं.

ही देवाणघेवाण काही आजची नाही. आपल्या बोलीतले शब्द पाहा. ‘हौद’ हा अरबीतला ‘हौज’. ‘बाग’ फारसीतून आली. ‘नहर’, ‘फवारा’ अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि तिथून आपल्या तोंडी. पुण्यात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून ते शहरभर खेळवलं नानासाहेब पेशव्यांनी, पण ज्यात ते पडायचं त्याला पुणेकर हौदच म्हणत राहिले. शब्द एकटा प्रवास करत नाही. त्याच्याबरोबर ती वस्तू येते आणि ती बांधणारा कारागीरही येतो.

या प्रवासाचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी. तिच्याकडे जरा निवांत पाहू.

मलिक अंबर १५४८च्या सुमारास आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधलं मोखा बंदर, मग बगदाद आणि शेवटी अहमदनगर असा त्याचा प्रवास झाला. नगरला निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेझखानाने, त्याला विकत घेतलं. पुढे हाच माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षं दख्खनेत अडकवून ठेवलं आणि जमीन मोजून सारा ठरवण्याची जी पद्धत त्याने घातली ती ‘मलिकंबरी धारा’ म्हणून खेड्यापाड्यांत स्मरणात राहिली. आपल्या भागाचाही त्या काळाशी जवळचा संबंध आहे. निजामशाहीचे सरदार मालोजीराजे भोसले यांची गढी इंदापुरात आजही आहे. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढले. त्या लढाईत अंबरने भातवडीच्या तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीवर सोडलं, असं इतिहासात सांगतात. पाण्याची विद्या असलेला माणूस रणांगणातही तीच वापरतो!

अंबरने १६१०मध्ये खडकी नावाच्या गावी राजधानी वसवली. जागा लढाईच्या दृष्टीने चांगली, चहूबाजूंनी डोंगर. पण पाणी? खाम नदी पावसाळ्यात वाहायची आणि उन्हाळ्यात आटायची. राजधानी म्हणजे फौज, घोडे, हत्ती, बाजार, मशिदी, हमाम. मोठं धरण बांधावं तर खडकाळ मुलूख आणि उघड्या पाण्याची उन्हाने वाफ. अंबरने उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पावसाचं पाणी मुरून खालच्या थरात साठतं तिथे विहीर घेतली. तिथून जमिनीच्या पोटातून दगड, वीट आणि चुन्याचा बोगदा शहरापर्यंत आणला. ठिकठिकाणी वर तोंडं ठेवली, म्हणजे आत हवा जाईल आणि गाळ काढायला माणूस उतरेल. शहरात पाणी उंच बांधीव मनोऱ्यांत चढवून त्यातली हवा काढून पुढे सोडलं. ना मोट, ना बैल, ना पंप. सगळं काम जमिनीच्या उताराचं.

या पद्धतीला इराणमध्ये ‘कनात’ किंवा ‘कारेझ’ म्हणतात. (आपल्याकडे लग्नाच्या मंडपाला लावतात ती कनात वेगळी, मुलांनी गोंधळ करू नये.) तिचं घर म्हणजे इराणचा वाळवंटी प्रदेश, यज्द वगैरे शहरं. युनेस्कोने २०१६मध्ये इराणच्या अकरा कनाती जागतिक वारशात घेतल्या. ओमानमध्ये तिला ‘फलज’ म्हणतात, मोरोक्कोच्या मर्राकेश शहरात ‘खेत्तारा’. येमेनमध्ये आणि इराकच्या उत्तर भागातही ती आहे. म्हणजे अंबर ज्या वाटेने दख्खनेत आला, त्या वाटेवरच्या मुलखांना ही विद्या परकी नव्हती. आणि नगरला तो पोहोचला तेव्हा निजामशाहीने कापूरवाडीसारख्या गावांहून खापरी नळांतून शहरात पाणी खेळवलेलंच होतं. बाहेरची विद्या आणि घरातला अनुभव, दोन्ही त्याच्या हाताशी होते.

दख्खनेत असा तो एकटाही नव्हता. बिदरला बहमनी सुलतानांच्या काळात कारेझ खोदली गेली. नौबादची कारेझ त्यातली प्रसिद्ध. विजापूरची सुरंग बावडी पाहा. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी जळगावच्या हद्दीला लागून आहे आणि तिथे मराठी घरोघर ऐकू येते. तिथे १६१५मध्ये अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत तब्कुतुल अर्ज नावाच्या फारसी भूजल-जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारं पाणी असंच भुयारातून आणलं. ओळीने शंभरावर कुंड्या, म्हणून नाव ‘कुंडी भंडारा’. काही कुंड्यांतून पाणी आजही वाहतं. २०२४मध्ये त्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. इतिहासाच्या पुस्तकात खानखानान म्हणजे रहीमचे दोहे एवढंच येतं. पाण्याचं कोणी सांगत नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळा मुद्दा तिच्यातच आहे. कनातीला तळ गाठता येत नाही. डोंगरात जेवढं मुरेल तेवढंच ती देते. दुष्काळात धार बारीक होते आणि शहराला आपोआप कळतं, की या वर्षी हात आखडता घ्यायचा आहे. आपल्या बोअरला हे शहाणपण नाही. इंदापूर-बारामतीचा जिरायती पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, आणि बोअर शंभर फुटांवर कोरडा गेला की दोनशे, मग चारशे, मग त्याहून खोल. दहा वर्षांचं मुरलेलं पाणी एका उसाच्या हंगामात उपसता येतं. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न नाही. बोअर तुम्हाला ‘पुरे’ म्हणत नाही. नहर म्हणते.

मग एवढी शहाणी नहर गेली कुठे? ती पुष्कळ वर्षं चालली. मुघलांच्या काळात औरंगाबादला आणखी नहरी बांधल्या गेल्या आणि विसाव्या शतकापर्यंत शहराच्या काही भागांत त्यांचं पाणी येत होतं. मग पैठणच्या जायकवाडी धरणातून मोठ्या जलवाहिनीने पाणी आलं. ते गरजेचंच होतं, शहर कितीतरी पटींनी वाढलं होतं. पण त्या दिवसापासून नहरीकडे कोणी पाहिना. वरून रस्ते गेले, घरांचे पाये बोगद्यात उतरले, तोंडं बुजली, कुठे गटाराचं पाणी आत शिरलं. आणि आज त्याच शहरात नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. आमचे तिथले पाहुणे फोनवर ख्यालीखुशाली विचारायच्या आधी पाण्याची तारीख सांगतात.

नहर मोडली ती विद्या जुनी झाली म्हणून नाही. गाळ काढणारा हात गेला म्हणून ती मोडली. इराणमध्ये कनात खोदणारे आणि साफ करणारे ‘मुकन्नी’ ही वेगळी जमातच असते, बापाकडून मुलाकडे कसब जातं. आपण बोगदा आणला, मुकन्नीची सोय कायम ठेवली नाही.

याच्या उलट चित्र त्याच शहरात, खाम नदीच्या काठावर, पाणचक्कीत पाहायला मिळतं. बाबा शाह मुसाफिर हे सूफी मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्यातून भुयारी मार्गाने पाणी आणलं आणि अठराव्या शतकात त्या पाण्याच्या जोरावर फिरणारी चक्की बसवली. चक्कीवर पीठ कोणासाठी दळायचं? यात्रेकरू, फकीर आणि मदरशातले विद्यार्थी यांच्यासाठी. पुढच्या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. डोक्यावर पाणी असल्याने ते भर वैशाखात थंड असतं. वीज नाही, पंखा नाही. आमच्या शाळेची सहल गेली होती तेव्हा मुलं त्या दालनातून बाहेर यायला तयार नव्हती आणि खरं सांगायचं तर मास्तर मंडळीही नव्हती.

पाणचक्की टिकली, कारण ती एका व्यवस्थेत बांधलेली होती. खानकाहला उत्पन्न होतं, उत्पन्नातून देखभाल होत होती, आणि देखभाल करणाऱ्याला ठाऊक होतं की चक्की थांबली तर उद्या लंगर थांबेल. वक्फचा मूळ अर्थ तोच आहे: माल तसाच राखायचा, त्याचा फायदा लोकांना द्यायचा. विहीर, हौद, सबील यांचं दान आपल्याकडे सदका-ए-जारिया मानलं जातं ते उगीच नाही. पाणी आटलं की ते जारी राहत नाही. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालयही पाणचक्कीच्याच आवारात आहे, हे सांगितलं की आमच्या ओळखीचे लोक हसतात. हसण्यासारखं काय आहे ते ज्याने त्याने ठरवावं.

जुनी विद्या परत हाती घेता येते, याचे पुरावे आहेत. बिदरला नौबादच्या कारेझचा गाळ साधारण दहा वर्षांपूर्वी उपसला गेला आणि तोंडाशी पाणी दिसलं. आधी अभ्यासकांनी बोगद्याची वाट आणि विहिरींच्या जागा नकाशावर आणल्या होत्या, मग फावडी आली; क्रम महत्त्वाचा आहे. संभाजीनगरला २०२०नंतर खाम नदीवर महापालिका, छावणी परिषद, ‘इकोसत्त्व’ ही संस्था आणि तिथल्या ‘वेरॉक’ उद्योगाने मिळून काम केलं. कचरा काढला, काठावर झाडं लावली, लोकांना नदीवर परत आणलं. या कामाची दखल परदेशातही घेतली गेली. चारशे वर्षांपूर्वी या शहराने बाहेरून विद्या घेतली, आता बाहेरची शहरं त्याच्याकडे पाहतात. देवाणघेवाणीतली ‘देवाण’ ती हीच. इमारत देता येत नाही. केलेल्या कामाची हकीकत देता येते.

आता आजच्या काळात बाहेरून आलेलं एक उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचलं आहे. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (ते २०२१मध्ये वारले) यांनी थोड्या जागेत दाट जंगल उभं करण्याची पद्धत काढली. त्या जागेची मूळची देशी झाडं शोधायची, माती खतावून भुसभुशीत करायची, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावायची आणि दोन-तीन वर्षं पाणी-खुरपणी करून मग सोडून द्यायचं. बंगळुरूजवळ टोयोटाच्या कारखान्यात ही पद्धत आली, तिथून देशभर पसरली. मुंबई महापालिकेने २०२०पासून शहरात अनेक ठिकाणी अशी जंगलं लावली. सिमेंटने वेढलेल्या मुंबईत एक-दोन गुंठे दाट सावली मिळणं ही मोठीच गोष्ट आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण मग फॅशन आली. ग्रामपंचायत, कारखाना, शाळा, जो तो ‘मियावाकी’ करायला निघाला आणि मोकळं माळरान दिसलं की त्यावर खड्डे. इथे आम्ही हात वर करून सांगतो: माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे. आपल्याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं गवताळ रान आहे. तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. वन विभागाने तिथे आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे, पुण्याचे लोक पैसे भरून बघायला येतात. धनगरांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्या गवतावर जगली. चिंकाऱ्याला उघड्यावर लांबवर दिसावं लागतं, दाट झाडीत तो राहत नाही. अशा रानात झाडं लावली तर हिरवळ वाढल्यासारखी दिसेल आणि जे होतं ते जाईल. खुद्द मियावाकींची पहिली अट काय होती? त्या जागेवर मुळात काय उगवत होतं ते शोधा. आमच्या माळावर त्याचं उत्तर आहे पवना, कुसळी, मारवेल. गवत! जपानी पद्धत नीट वाचली तर ती कडबनवाडीत झाड लावू नका असंच सांगेल.

मलिक अंबरने हेच केलं होतं. त्याने यज्दची कनात जशीच्या तशी उचलली नाही. यज्दला मऊ गाळाच्या जमिनीत खोदतात, इथे काळा कातळ. म्हणून दगड-चुन्याचं बांधकाम आलं, मनोरे आले.

आता आपल्या मोरीकडे येऊ. मोठी शहरं एकमेकांकडून शिकतील तेव्हा शिकतील. आपल्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी, दोन जागा अशा आहेत ज्या पूर्णपणे आपल्या जमातीच्या हातात आहेत आणि ज्यांसाठी कोणत्याही परिषदेची वाट पाहावी लागत नाही. एक मशिदीचा वुजूखाना, दुसरं कब्रस्तान.

वुजूचं पाणी हिशेबाने पाहा. रसूलुल्लाह (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापात साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर. आमच्या वर्गातल्या मुलांनी नळाखाली बादली ठेवून आपापला वुजू मोजला; एकाचाही तीन लिटरच्या आत बसला नाही आणि एकाची तर आठ लिटरची बादली भरली. (त्याचं नाव सांगत नाही, त्याची अम्मी हे मासिक वाचते.) समजा पाच लिटर धरले आणि एका वक्ताला चाळीस नमाजी, तर पाच वक्तांचे हजार लिटर होतात. जुम्म्याला त्याहून कितीतरी जास्त. हे पाणी साबणाचं नसतं, तेलाचं नसतं, मैल्याचं तर नसतंच. ते आपण गटारात सोडतो. गटार ओढ्यात जातं, ओढा नदीत, आणि मग आपणच पुणेकरांना नावं ठेवतो.

जुन्या मशिदींत हौद असायचा आणि त्याची सांडपाण्याची मोरी बहुधा बागेत निघायची. नारळ, डाळिंब, मोगरा त्यावर जगायचा. नळ आले, हौद बुजले, फरशी झाली आणि बाग गेली. ती पुन्हा आणायला फार काही लागत नाही. वुजूखान्याची मोरी स्वच्छतागृहाच्या मोरीपासून वेगळी काढायची, हे सर्वांत महत्त्वाचं. दोन्ही एकत्र असतील तर पुढचं काहीच करू नये. मग आधी एक जाळी, मग एक छोटी गाळाची टाकी, आणि तिथून पाणी झाडांच्या आळ्यांत किंवा शोषखड्ड्यात. शोषखड्डा म्हणजे साधारण चार फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा. तळाला मोठे दगड, वर मध्यम, वर खडी, वर वाळू. पिण्याच्या विहिरीपासून आणि इमारतीच्या पायापासून तो चांगला लांब असावा. काळी चिकण जमीन असेल तर पाणी मुरत नाही, तिथे खड्ड्याऐवजी केळी आणि कर्दळीची रांग लावावी. आणि जाळी दर आठवड्याला कोण काढणार त्याचं नाव आजच ठरवावं. आमच्या पाहण्यातला एक शोषखड्डा मोठ्या उत्साहाने खोदला गेला आणि जाळी कोणी साफ न केल्यामुळे दुसऱ्या पावसाळ्यात तुंबला. मुकन्नीशिवाय नहर, दुसरं काय.

कब्रस्तानाबद्दल बोलताना लोक जपून बोलतात, म्हणून आम्ही सरळ लिहितो. तालुक्याच्या कित्येक गावांत आज जी जमीन सिमेंटखाली गेलेली नाही, ती कब्रस्तानाची. तिथली माती पाणी पिते. तिथे कडुनिंब आहे, बोर आहे, बाभूळ आहे, पाखरं आहेत. आणि हल्ली काय होतं? थोडा निधी मिळाला की पहिलं काम म्हणजे आतल्या वाटांवर पेव्हिंग ब्लॉक आणि चहूबाजूंनी पक्की भिंत, पाण्याला आत यायला-जायला एक भोकही न ठेवता. भिंत हवी, जनावरं आत येतात आणि अतिक्रमणाची भीतीही खरी आहे. पण भिंतीच्या तळाशी उताराच्या बाजूला पाण्याची तोंडं ठेवता येतात. वाटेवर ब्लॉकऐवजी मुरूम टाकता येतो. गुलमोहर-निलगिरीऐवजी आपल्या मातीतली झाडं लावता येतात. कबरी जिथे नाहीत अशा कडेला उताराच्या आडवा एक उथळ चर काढला तर पावसाचं पाणी तिथेच मुरतं. यासाठी मुतवल्ली, जमातचे बुजुर्ग आणि गावातला एक चांगला गवंडी एवढी माणसं पुरतात.

गवंड्याकडे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते, तिच्याने तो दोन टोकांची पातळी मिळवतो. ती घेऊन आधी जमिनीचा उतार काढावा, चुन्याने रेघ मारावी आणि मगच कुदळ घालावी. उतार न काढता खोदलेल्या चरात पाणी एकाच कोपऱ्यात साचतं आणि तिथल्या कबरी खचतात, मग बुजुर्ग मंडळी रागावतात आणि पुन्हा कोणी नाव काढत नाही. आमच्याकडे मृगाचा पाऊस वेळेवर आला तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. चर आणि शोषखड्डा दोन्ही त्याच्या आत व्हायला हवेत. नंतर चिखलात कुदळ चालत नाही.